गाड्यांच्या बाजूचा फटका

कॉर्फू बेटावरच्या स्पियानादा मैदानावर आर्सेनिस बोगदानोस बावीस वर्षं खेळला. सकाळी टपाल वाटायचं, दुपारी खांद्यावरची पिशवी उतरवून पायाला पॅड बांधायचे. चेंडू लेगला असा भिरकावायचा की झाडावरचे पारवे उठावेत. ऑफला मात्र त्याची बॅट कधी वळली नाही. सराव कायम बागेकडच्या टोकाला, आणि तिथून ऑफची सीमा म्हणजे गावचा वाहनतळ. काच फुटली की गाडीवाला तडक आईकडे. त्यामुळे इथलं पोर बॅट धरायच्या आधी तिकडे न मारायला शिकतं.

देशाकडून तो एकदाच खेळला, ऑस्ट्रियात. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. त्याची खोड ओळखून समोरच्यांनी सगळी माणसं लेगला नेलेली. ऑफला चिटपाखरू नाही. गाड्याही नव्हत्या, नुसतं कुरण. आर्सेनिसने लेगलाच मारला. झेल. पुन्हा बोलावणं आलं नाही.

गुडघा गेल्यावर त्याने पोरं शिकवायला घेतली. यंदा त्याची पोरंही ऑस्ट्रियाच्या दौऱ्यावर निघाली होती. आठवडा उरला, तरी सगळ्यांत गुणी आग्लाया ऑफचा चेंडू सोडूनच द्यायची.

"अगं, चेंडू आहे तो, पाहुणा नाही! वाट कसली करून देतेस?"

"मास्तर, तिकडे आमच्या बाबांची गाडी असते."

रविवारी पहाटे, वाहनतळ रिकामा असताना, आर्सेनिसने स्वतःची जुनी फियाट आणून ऐन सीमेवर, मैदानाकडे तोंड करून लावली.

"ही फोडायची," तो म्हणाला.

त्याचा जुना जोडीदार, न्हावी स्तामातिस, कॉफी घेऊन कट्ट्यावर बसला होता. "काय लेका, बायकोला विचारलंस का?"

"तू दाढ्या कर."

चार चेंडू आग्लायाने ओढूनताणून लेगला घातले. पाचवा आर्सेनिसने मुद्दाम ऑफच्या बाहेर टाकला. तिने ओठ चावला, पाय पुढे टाकला आणि बॅट सोडली. चेंडू थेट गाडीवर गेला. खळ्ळकन आवाज झाला.

त्यासरशी अख्खा संघ पांगला. बॅट टाकून आग्लाया सगळ्यांच्या पुढे. आर्सेनिसही लंगडत चार पावलं पळाला, मग गाडी आपलीच आहे हे आठवून थांबला, आणि मैदानाकाठच्या कमानींआड दडलेल्या पोरांना हाका मारू लागला.

"या रे बाहेर! आग्लाया, बॅट उचल! एक दिवा अजून शाबूत आहे!"