घरची स्वस्त पडते

ती केस मी विसरलेलो नाही, आणि विसरू नये असंच मला वाटतं. कागदावर ती अगदी किरकोळ होती. हातभट्टी, एक आरोपी, दोन पंच, गुन्हा शाबीत. वरिष्ठांनी पाठ थोपटली. ती थाप मला आजही टोचते, म्हणून लिहायला बसलो.

महाराष्ट्र राज्य नवं होतं, दारूबंदीचा कायदा कडक होता आणि मी फौजदार म्हणून लोणारच्या बाजूच्या एका ठाण्यावर नुकताच आलो होतो. मी मूळचा वडनेर भोलजीकडचा. खात्यात येण्याआधी दारूबंदीची पत्रकं लिहीत असे, वाटत असे, बाजारात खोक्यावर उभा राहून ओरडत असे. दारुडा हा बायकोच्या ताटातली भाकर चोरणारा चोर, आणि त्याला दया दाखवणारा त्याचा भागीदार, अशी वाक्यं मला तोंडपाठ होती. अंगावर वर्दी चढली तेव्हा वाटलं, आता ओरडायला नको, आता अंमल करायचा.

बाजाराच्या दिवशी ठाण्यात गर्दी असते. कुणाची बकरी हरवलेली, कुणाचा खिसा कापलेला. त्या गर्दीत एक बाई मेथीची टोपली घेऊन ओट्यावर बसून होती. आम्हाला वाटलं, भाजी विकायला आली. सगळे पांगल्यावर ती आत आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली,

"सायेब, एका घरी दारू निघून राह्यली. वेशीजवळ, निंबामागचं घर. शुक्करवारी सकाळी भट्टी लागते. या."

"तू कोण?"

"ते काऊन पाह्यजे तुमाले? मडकं फोडा. मानूस नका नेऊ."

मी कागदावरून मान वर केली. "बाई, कायद्यात मडक्याला शिक्षा नाही."

"मंग मडकं फोडाचं कलम पाहा ना. एवढं मोठं पुस्तक हाय तुमच्यापाशी."

जमादार हसला. तो जुना माणूस, निवृत्तीला आलेला. मी हसलो नाही. "बघू," म्हणालो. पोलिसाच्या तोंडचा हा फार वाईट शब्द. ऐकणारा त्याला होकार समजतो आणि बोलणारा मोकळा राहतो.

शुक्रवारी सकाळी मी, जमादार, दोन शिपाई आणि दोन पंच असे निंबामागच्या घरी गेलो. दार उघडलं ते त्याच बाईनं. तिनं आपल्याच घराची खबर दिली होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू जन्मात कधी पाहिलं नव्हतं. मीही तिच्यावरून नजर पुढे नेली. खबर देणाऱ्याचं नाव फुटू द्यायचं नाही, एवढं मला शिकवलेलं होतं.

परसात चुलीवर भट्टी लागलेली होती. कोठीत कडब्याखाली दोन मोठे रांजण पुरलेले, आणि त्यांत मोहफुलं, गूळ नि पाणी कुजवून केलेला सडवा फसफसत होता. याच सडव्याची पुढे दारू निघते. घरधनी भट्टीशेजारीच बसलेला. पळाला नाही. तो बाजारातला परवानेदार मापारी होता. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला मोजून देणं हा त्याचा धंदा. त्याच्या मापावर ना शेतकरी कुरकुर करी, ना व्यापारी. असा मापारी मिळणं कठीण, हे जमादारानंच मला सांगितलं.

"कोणाला विकतोस?" मी विचारलं.

"इकत नाही सायेब. मायची आन. घरच्यापुरती हाय."

"मग काढतोस कशाला?"

"स्वस्त पडते." त्यानं हे अगदी सरळ सांगितलं, जसा बाजारभाव सांगावा. "इकतची बाटली दीड रुपयाले. त्यात अर्धं पानी, वरून नवसागर. घरची चोख. अन् खर्च काय? कायीच नाही. लाकडं नाल्यातली, रांजण बापाचे. मापाखाली सांडलेले दाने मापाऱ्याचे, असा रिवाज हाय आमचा. ते दाने देतो अन् मोहफुलं, गूळ घेतो. फुकटात पडते."

मग माझं पत्रक सुरू झालं. समाज, स्वातंत्र्य, संसार, सगळं त्याला ऐकवलं. पोथी ऐकावी तसा तो मान हलवत ऐकत राहिला. एका पंचानं जांभई दिली.

"सायेब," जमादार हळूच म्हणाला, "सडवा मोजा लागन. पंचनाम्यात लागते."

ठाण्यातून आम्ही मोजायचा डबा आणलेला होता. पण खुंटीवर मापाऱ्याची पायली दिसली, लोखंडी, सरकारी शिक्का मारलेली, आणि मला एक हुशारी सुचली. "यालाच मोजू दे," मी म्हणालो. "याच्याच पायलीनं." मग त्याला विचारलं, "किती असेल?"

"चार पायल्या असंन."

मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. आणि माप काठोकाठ भरल्याशिवाय तोंडातून आकडा काढत नाही. त्यानं बाजारात लावतो तसाच सूर लावला. "लाभ... दोन... तीन..." चार झाल्या. सहा झाल्या. नवव्या पायलीला त्याचा आवाज खाली आला. मी त्याच्या हाताकडे पाहत होतो. पंचांचं लक्ष नव्हतं, दोन ओतून एक म्हणणं सोपं होतं. त्याचा हात ते करीना. एक रांजण संपला, दुसरा सुरू झाला. शेवटची पायली ओतून तो म्हणाला, "सतरा," आणि पायली खाली ठेवली.

"घरच्यापुरती सतरा पायल्या?"

"मले नव्हतं वाटलं एवढी असंन," तो म्हणाला.

त्याचं हे बोलणं खरं होतं, हे मला आज कळतं. दहा गावांचं धान्य मोजणाऱ्या माणसानं स्वतःची दारू कधी मोजली नव्हती. तेव्हा मात्र मी खूश झालो. सतरा पायल्या म्हणजे धंदा. विक्रीचं कलम लागणार.

"आता बोल. गिऱ्हाईक कोण?"

"गिऱ्हाईक नाही जी. हमाल येतात, साळा येते, कोनी सोयरा येते. आलेल्या मानसाले नाही कसं म्हनाव? इकतची असती तं कोनी मांगतली नसती. घरची हाय म्हटलं का बसतात." मग त्याचा एकदम तोल गेला. कुंपणापलीकडे शेजारी तमाशा पाहत उभा होता. त्याच्याकडे बोट करून मापारी ओरडला, "यानंच चुगली केली बे! सुटून येऊ द्या मले, तंगडी मोडतो याची!"

शेजाऱ्याचं तोंड पांढरं पडलं. मी खरं सांगावं तर बाईचा जीव धोक्यात, न सांगावं तर शेजाऱ्याचा. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं.

उत्तर बाईनं दिलं. ती आत गेली आणि ज्वारीची मोठी मटकी ओढत बाहेर घेऊन आली. नवऱ्यासमोर ठेवली.

"आता हे मोजा."

"काय वं?"

"मोजा म्हनते. पंच हायेत, सायेब हायेत. मोजा."

त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पायली पुसली. मटकी कलती केली. ज्वारी पायलीत पडली, थांबली. मटकी पालथी केली, वरून थापटली. पायली निम्मीही भरली नव्हती. तो ती हातात धरून उभा राहिला. तोंडातून आकडा निघेना.

"सांडलेले दाने मी पाखडत होती," ती म्हणाली. "त्यावर अर्धं साल निघत होतं आपलं. तुमी म्हनता फुकट. फुकट नव्हतं ते. लेकराइच्या तोंडचं होतं." आणि श्वास घेऊन म्हणाली, "अन् त्याले नका बोलू. ठान्यात मी गेली होती."

शेजारी हळूच आत निघून गेला.

"मले सांगाचं होतं तं," मापारी म्हणाला.

"तीनदा सांगितलं. तुमी म्हने, घरची स्वस्त पडते."

तो उंबऱ्यावर बसला. मला भीती होती, हात उगारेल. शिपायाला मी खूणही केली होती. पण तो पायलीकडे बघत नुसता बसून राहिला. जमादार माझ्या कानाशी आला. "सायेब, इकनाऱ्याच्या घरची जवारी संपत नसते." एवढ्या एका वाक्यात माझं विक्रीचं कलम गळून पडलं. पैसा आत येत असता तर मटकीत दिसला असता. उरलं ते सडवा बाळगणं आणि दारू काढणं.

अटक मला करावीच लागली. त्याचं मला वाईट वाटत नाही. तिनं मागितलेलं कलम पुस्तकात नव्हतं. चूक त्यानंतर झाली, आणि ती शाईनं झाली. जप्तीच्या यादीत मी लिहिलं: रांजण दोन, भट्टीची मडकी दोन, नळी एक, नमुन्याची बाटली एक लाखेनं बंद, आणि शेवटी, 'लोखंडी पायली एक, सरकारी शिक्क्याची, सडवा मोजण्यास वापरलेली.'

"सायेब, ते त्याच्या पोटाचं हाय," जमादार म्हणाला. "अन् वापराले आपनच लावली."

"दारूला लागलेली वस्तू आहे," मी म्हणालो. "मुद्देमाल."

मापारी दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटला. पण शिक्क्याच्या पायलीशिवाय मापारी बाजारात उभा राहू शकत नाही, आणि दुसऱ्याची पायली घेऊन मोजलं तर परवाना जातो. नवी घ्यायला घरात पैसा नव्हता. त्याची पायली आमच्या मुद्देमालाच्या खोलीत केस नंबरची चिठ्ठी लावून पडलेली. रासायनिक तपासणीचा अहवाल येईना, केस उभी राहीना. बाजारातली त्याची जागा दुसऱ्या मापाऱ्यानं धरली.

बाई दर बाजाराला ठाण्यात येई. आता टोपली नसे. ओट्यावर बसे, गर्दी सरली की विचारी, "सायेब, पायली?" मी म्हणे, "केस चालू आहे." ती जाई. असे सात बाजार गेले. सातव्या बाजारी ती गेली नाही. उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली,

"ते म्हनत होते, घरची फुकटात पडते. तुमचं बी तसंच हाय, सायेब. दारूबंदी तुमाले फुकटात पडते."

मी संतापलो. सरकारी कामाबद्दल बोलते म्हणून आवाज चढवला. ती निघून गेल्यावर जमादार चष्मा पुसत म्हणाला, "कोर्टात एक अर्ज देल्ला का मुद्देमाल सुपूर्दनाम्यावर, मांगतला का हजर करीन असं लिहून देल्ल्यावर, परत भेटते. अर्ध्या पानाचा अर्ज हाय."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"पह्यल्या दिवशी सांगितलं होतं, पोटाचं हाय म्हून. तुमी इच्यारलं नाही मंग काय कराव."

त्याच दुपारी मी अर्ज लिहिला. पंचनामा तीन पानांचा होता, तो एका बैठकीत लिहिला होता. या अर्ध्या पानाला मला सात आठवडे लागले. पुढच्या तारखेला कोर्टानं हुकूम दिला. पायली न्यायला नवऱ्याला न पाठवता ती स्वतः आली, अंगठा दिला, आणि ठाण्याच्या विहिरीवर बसून राखेनं पायली तीनदा घासून मगच घेऊन गेली.

पुढे कोर्टात मापाऱ्यानं गुन्हा कबूल केला. सतरा पायल्या होत्या, असं स्वतःच म्हणाला. सजा भोगून आला आणि बाजारात रांगेच्या शेवटी उभा राहू लागला. त्याची दारू सुटली का? पूर्ण नाही. बाजाराच्या दिवशी कुठूनशी विकतची घेई, असं कानावर आलं. महाग होती, म्हणून थोडी घेई, आणि कुणाला बोलावून पाजत नसे. घरात पुन्हा भट्टी लागली नाही. मी आयुष्यभर दारूच्या विरोधात बोललो, आजही बोलतो, आणि चोरून विकणाऱ्याची बाजू मी मेलो तरी घेणार नाही. पण हे असं घडलं, ते मी माझ्या कुठल्याच पत्रकात लिहिलं नसतं.

लोक विचारतात, घरी काढलेली खरंच स्वस्त पडते का? मी म्हणतो, हिशोब पिणाऱ्याला विचारू नका. तो खोटं बोलत नाही, पण सगळंच मोजत नाही. मीही मोजत नव्हतो.

त्यानंतरच्या नोकरीत जप्तीची यादी पुरी करण्याआधी मी घरातल्या बाईला एक प्रश्न विचारत असे: यातलं रोज काय लागतं? जे लागे त्याचा अर्ज त्याच दिवशी पंचनाम्याला जोडत असे. नवे फौजदार हसायचे. साहेब आरोपीचे कारकून झाले, म्हणायचे. हसू देत. अर्ध्या पानाचं काम आहे. मी ते शिकलो, आणि त्या शिकण्याची किंमत म्हणून सात बाजार तिनं भरले.