नळीवरचा अंगठा

नळीकाकांना एक खरं नावही होतं, पण ते हजेरीपुस्तकाबाहेर कुणाच्या तोंडी बसलं नाही. कारखाना लहानसा. तिथे जुन्या रायफलींच्या हुबेहूब नकला बनत. त्या नाटकवाले नेत, संग्रहालयं नेत, आणि ज्यांच्या आजोबांनी जन्मात उंदीर मारला नव्हता असे लोक दिवाणखान्यात टांगायला नेत. गोळी एकीतूनही सुटत नसे. पण नळी अशी काळीशार दिसायची की माणूस दोन पावलं मागे सरावा, आणि तो काळा रंग काकांच्या हातचा.

खरं तर तो रंगच नव्हे. पोलाद धुऊन-पुसून कोरडं करायचं, त्यावर औषध फिरवून मुद्दाम गंज आणायचा, मग नळी उकळत्या पाण्यात सोडायची. तांबडा गंज काळा होतो. तारेच्या ब्रशने वरची भुकटी झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. असे आठ-दहा फेरे झाले की तेल आणि शेवटी मेण. "काट्याने काटा काढायचा," काका म्हणत, "गंजाला गंजानेच अडवायचं." या सगळ्याचा वैरी एकच, माणसाचा उघडा हात. काहींच्या घामात असा खार असतो की मेण चढण्याआधी बोट लागलं तर सकाळी बोटाचा तांबडा ठसा उमटलेला.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी, नळ्या नुसत्या फडक्याने धरत तेव्हा, असे ठसे तीन नळ्यांवर एकदम उठले. त्या खोलीत काम करणारे दोघेच होते: काका आणि त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. काकांनीच त्याला चिकटवून घेतला होता. म्हातारे मालक लालबुंद होऊन आले आणि त्यांनी विचारलं, "हात कुणाचा?" मेहुण्याला घाम फार यायचा, सारखा तळहात विजारीला पुसायचा. काकांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. खोटं बोलले नाहीत बिचारे, त्यांना तसंच वाटत होतं. एका अंगठ्याच्या ठशात तिरपी रेघ दिसली होती, ती त्यांनी पोलादावरचा ओरखडा समजून घासून टाकली. मेहुणा त्याच दिवशी घरी गेला आणि दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात हातमोज्यांची सक्ती झाली.

मेहुण्याला पुढे धड काम लागलं नाही. गोदामावर पहारा, कुठे ओझी उचलणं, मग खोकला, आणि चार वर्षांपूर्वी तोही थांबला. तोवर दर आठवड्याला बहिणीकडे यायचा. काका दारातच थट्टा करत, "आधी हात धू रे, नाहीतर कडीला गंज चढेल!" तो हसून हात धुवायचा. काकांना ती थट्टा इतकी आवडे की त्यांनी ती चोवीस वर्षं बदलली नाही. घरात गंजाचा धाक तसा बायकोलाही होता. ती आपली शिवणाची कात्री फडक्यात गुंडाळून काकांपासून लपवून ठेवी. काका म्हणत, चिक्कू बाई.

आता निवृत्तीला आठवडा उरला होता. एका संग्रहालयातून जुनी नक्कल दुरुस्तीला आली, काकांनीच तरुणपणी काळी केलेली. मधली नळी घासून पांढरी पडलेली, टोकाशी गंजाचे खड्डे. काकांनी पाच दिवस खपून ती पुन्हा उभी केली. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, कुठे खरखर राहिली का ते दिसेना. म्हणून संध्याकाळी, मेण लावण्याआधी, त्यांनी हातमोजा काढला आणि नळी एकदा बोटांनी चाचपून पाहिली. मेण सकाळी लावू म्हणाले.

सकाळी नळीवर चार बोटं आणि एक अंगठा तांबडा फुलला होता.

खोलीची किल्ली काकांच्याच खिशात होती. त्यांनी भिंग घेतलं. अंगठ्यात तिरपी रेघ. लहानपणी डब्याच्या पत्र्याने कापलेला अंगठा त्यांनी शेजारी धरला आणि ते स्टुलावर बसले ते बसलेच. मग उठून मालकांच्या मुलीकडे गेले. कारखाना आता ती सांभाळत होती. त्यांनी तिला अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं.

"काका, कुठलं काय काढून बसलात?" ती म्हणाली. "पुसून टाका ना. कुणाला कळणार आहे?"

काकांनी तेलाचा बोळा फिरवला. दहा मिनिटांत ठसा गेला. हेच त्यांना सगळ्यात भयंकर वाटलं.

घरी बायको उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. काका चप्पल न काढताच म्हणाले, "तुझ्या भावाचे हात चांगले होते गं. ते ठसे माझे होते."

तिची सुई थांबली नाही. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून. माझी कात्री तुमच्या हाती लागली की चार दिवसांत तांबडी व्हायची. त्याला काढलं त्या दिवशीच मी मालकांकडे निघाले होते. त्यानेच अडवलं. म्हणाला, 'ताई, गप्प बस. मी सडाफटिंग माणूस, कुठेही भागवीन. भाऊजींना काढलं तर तुझं घर उघड्यावर येईल.' शपथ घातली मला."

काकांनी मागे वळून दाराच्या कडीकडे पाहिलं. "त्याला माहीत होतं? आणि तरी मी दारात..."

"हो. दर आठवड्याला तुम्ही हात धुवायला सांगत होतात, आणि तो हसून धूत होता." तिने दोरा दातांनी तोडला. "मी एकदाही हसले नाही. ते तुमच्या कधी लक्षात आलं नाही."