सातवी सूचना आणि अकरावी सूचना

सूचनाबाई जन्मात विमानाची पायरी चढल्या नव्हत्या, पण परदेशी निघालेल्या माणसाने मोजे किती घ्यावेत हे त्यांच्याकडून ऐकल्याशिवाय त्या पर्यटन कंपनीतून कुणी निघत नसे. सोळा वर्षं दर रविवारी सकाळी दहाला कंपनीच्या वरच्या मजल्यावर त्या उभ्या राहायच्या. समोर चाळीस-पन्नास खुर्च्या, हातात छापील कागद, आणि एकवीस सूचना. पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत ठेवा. रोजची औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. नवे बूट प्रवासातच पहिल्यांदा घालू नका, आठ दिवस आधी घरात वापरा. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. कागद तोंडपाठ होता, तरी हातात धरायच्या, कारण हातात कागद असला की लोक गप्प बसतात.

या बाईंनी आपल्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या पायाची बोटं कशी घालवली आणि वर तिलाच वेंधळी कशी ठरवली, त्याची ही गोष्ट. बाई मनाने वाईट नव्हत्या असं म्हणणारे भेटतील. त्यांनी शेवटपर्यंत ऐकावं.

आईवडील लवकर गेले तेव्हा थोरलीची चौथी झाली होती. ती शिवणयंत्रावर बसली ती केस पिकेपर्यंत उठली नाही. दुसऱ्यांचे कपडे शिवून तिने धाकटीला शिकवलं, आणि स्वतःच्या लग्नाचं ‘बघू पुढे’ म्हणता म्हणता ते राहूनच गेलं. धाकटी शिकलेली, धाकटीला कळतं, एवढाच तिचा धर्म. उरलेली अक्कल तिने धाकटीकडे गहाण टाकली होती आणि त्यात तिला सुख होतं.

पंधरा वर्षं पूर्ण झाली म्हणून कंपनीने बाईंना एका थंड देशाच्या सहलीत जागा दिली. आता खरी गोष्ट अशी, की डोक्यावरून विमान गेलं तरी बाई खिडकी लावून घ्यायच्या. पण हे सांगायचं कुणाला? सूचनाबाईच विमानाला भितात म्हटल्यावर रविवारी कोण ऐकणार? “ऐन सीझनमध्ये मला कुठली सवड,” असं म्हणून त्यांनी ती जागा बहिणीला देऊन टाकली. ऑफिसात वाहवा झाली, भीतीही झाकली गेली. एका दगडात दोन पक्षी. थोरली मात्र रडली. तिला आयुष्यात कुणी काही दिलं नव्हतं.

सहलीआधीच्या रविवारी ती पहिल्या रांगेत बसली. भराभर लिहिता येत नसल्यामुळे तिने सगळं पाठच केलं, आणि आठवडाभर भांडी घासताना धाकटीला म्हणून दाखवलं.

“चुकलं का गं काही?”

“नाही ताई. एकवीसच्या एकवीस बरोबर.”

बरोबरच होत्या. सातवी सूचना कंपनीची: बस कुणासाठी थांबत नाही, ठरलेल्या वेळेनंतर वीस मिनिटं वाट बघून निघते. अकरावी बाईंनी स्वतःच्या पदरची घातली होती: चुकामूक झाली तर होतात तिथेच उभे राहा, हलू नका, आमचा माणूस शोधत येईल. लहानपणी बाजारात हरवल्या तेव्हा थोरलीने हेच शिकवलं होतं, आणि थोरली खरंच शोधत आली होती. पण बस निघून गेल्यावर कोणता माणूस शोधत येणार? पंधरा वर्षं बाई दोन्ही सूचना एका दमात सांगत होत्या. ना त्यांच्या ध्यानात आलं, ना ऐकणाऱ्यांच्या. आजवर जे मागे राहिले ते सूचना गुंडाळून ठेवून टॅक्सीने हॉटेलवर गेले.

सहलीच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, एका शहराच्या चौकात थोरली स्वच्छतागृहात अडकली. परकी कडी, उघडेना. बाहेर आली तेव्हा बस गेलेली. बरोबर वीस मिनिटं थांबून गेली होती. फोन पिशवीत आणि पिशवी बसमध्ये, कारण पाचवी सूचना: फोन हातात मिरवू नका. थोरली चौकातल्या घड्याळाखाली जाऊन उभी राहिली. बर्फ पडत होतं. समोरच्या दुकानातल्या बाईने खुणेने आत बोलावलं. थोरली गेली नाही, कारण तेरावी: अनोळखी माणसाबरोबर कुठेही जाऊ नका. त्या बाईने वाफाळता कप आणून दिला. थोरलीने हात जोडून परत केला, कारण चौदावी. हॉटेलचं कार्ड खिशात होतं, पण कार्ड दाखवायचं म्हणजे जागेवरून हलायचं. मागे राहिलेले टॅक्सीने येतातच, असं धरून बस गेली होती; संध्याकाळी हॉटेलवर एक किल्ली उरली, तेव्हा सहल नेणाऱ्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला. तो परत पोचेतो सात वाजले होते. थोरली घड्याळाखालीच होती. तिला पाय आहेत की नाहीत हे कळत नव्हतं.

डाव्या पायाची सगळी बोटं कापली, उजव्याची दोन.

तिला इकडे आणल्यावर बाई दवाखान्यात गेल्या. थोरली उशीवरून मान उचलून म्हणाली, “मी हलले नाही हं.” शाळेत पहिला नंबर आल्यासारखी म्हणाली. बाईंना तिथे उभं राहवेना. त्या पाणी आणायला म्हणून बाहेर गेल्या आणि पाऊण तास आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावलं. विमा कंपनीचं पत्र आणि सोबतचा फॉर्म टेबलावर होता.

“बाई, सातवी सूचना दिली होती ना?”

“दिली होती.”

“मग तेवढंच लिहून द्या.”

“आणि अकरावी?”

“अकरावीचं त्यांनी काही विचारलेलं नाही,” मालक चष्मा पुसत म्हणाले. “ती कुणाची कल्पना होती, हे मीही विचारत नाही.”

बाईंना मुकाट्याने उठून जाता आलं असतं. दोन्ही सूचना लिहिता आल्या असत्या. त्यांनी पेन उघडलं, आणि कारणाच्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं: प्रवाशाचा निष्काळजीपणा. खाली सही केली. नोकरी राहिली. घरी येऊन थोरलीला म्हणाल्या, “कंपनी बघतेय काय ते.” थोरलीने मान डोलावली.

चार महिन्यांनी एका रविवारी थोरली काठी टेकत ऑफिसात आली. घरात बसून कंटाळा येतो, तुझं ऐकत बसेन, म्हणाली. बाईंना नाही म्हणता येईना. थोरली शेवटच्या रांगेत दाराजवळ बसली. मालक पुढे बसले होते. सातव्या सूचनेला जोडून हल्ली एक किस्सा सांगायचा असं त्यांनीच ठरवून दिलं होतं, आणि मालकांसमोर तो गाळण्याची बाईंची छाती झाली नाही.

“आमच्या एका सहलीत एक बाई होत्या,” त्या म्हणाल्या. “वेळेवर बसमध्ये आल्या नाहीत. बरं, खिशात हॉटेलचं कार्ड. पण टॅक्सी करतील तर शपथ. आठ तास घड्याळाखाली उभ्या, खांबासारख्या.”

खोलीभर हशा पिकला. बाईंनी दाराकडे बघितलं नाही. मग अकरावी वाचली: चुकामूक झाल्यास थांबू नका, हॉटेलचं कार्ड दाखवून टॅक्सीने परत या.

घरी जायला दोघी बसथांब्याकडे निघाल्या.

“ती बाई म्हणजे मीच ना गं?”

“अगं ताई, लोकांना समजावं म्हणून…”

“नाही, चांगलं सांगितलंस. हसले सगळे.” थोरली थांबली. “पण अकरावी मी आज वेगळी ऐकली. माझ्या वेळी दुसरी होती. का मीच चुकीची पाठ केली होती?”

एवढंच विचारायचं होतं तिला. खरं-खोटं करायचं नव्हतं, राग नव्हता. धाकटी ‘हो’ म्हणाली असती तर तेही तिने मानलं असतं.

समोरून बस येताना दिसली. बाईंनी पदर खोचला आणि पाऊल उचललं.

“चल ताई, भरभर चल,” मागे न बघता त्या म्हणाल्या. “बस थांबत नाही.”