दोनदा मोजणारे दादा

चाकणच्या आमच्या कंपनीत तयार माल तपासणारे ते दादा केसभर फरक असलेला बोल्टही सोडत नाहीत. दोनदा मोजतात आणि बाद मालाच्या लाल पेटीत फेकतात. जेवणाच्या सुट्टीत मात्र मोबाईल नाचवत सांगतात, "राव, नवं संशोधन! हा काढा प्या, शुगरच्या गोळ्या बंद!"

"दादा, मी वाचलंय ते. प्रयोग फक्त उंदरांवर झालाय," मी म्हणालो.

"मग उंदरांना काय जीव नसतो, पदवीधर?" सगळे हसले.

मला हाताला धरून काम शिकवणाऱ्या वेल्डर मामांनी दादांचं ऐकून शुगरच्या गोळ्या सोडल्या. काल ते बेशुद्ध पडले. अजून डोळे उघडलेले नाहीत. आज सकाळी मी संतापून दादांसमोर उभा राहिलो.

"काढा मोजून घेतला नसेल," ते म्हणाले आणि पुढचा बोल्ट दोनदा मोजला.