पुतळीआजीची उघडी खाण

नात मनस्वीच्या पुस्तकात खाणीचं चित्र होतं: बोगदा, काळोख, डोक्यावर दिवे.

"ही कसली खाण?" पुतळीआजी फणकारली. "आमची उघडी खाण व्हती, आभाळाखाली. वरची माती काढायची नि डोंगर कापत खाली यायचं."

रोह्याजवळच्या त्या दगडखाणीत तिनं उमेदीची सगळी वर्षं घमेली वाहिली. दुपारी डोंगराच्याच सावलीत ती नवऱ्याबरोबर भाकर खायची. संध्याकाळी तीच सावली घरच्या अंगणात उतरली की वाळत घातलेली सुकट उचलायची.

आजही चहा झाला की आजी सुकट भरायला उठते.

"आजी, ऊन हाय गो अजून," मनस्वी म्हणाली.

डोंगर होता तिकडं आजीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"व्हय गो. ती सावली मीच वाहून नेली, डोक्यावरनं."