इवायांनी दुरुस्त केलेला भूतकाळ

भूतकाळ बदलता येत नाही, असे कायदा, धर्म आणि अनुभव एकमुखाने सांगतात. ते बोरी अरबच्या माझ्या व्याह्यांना, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत इवायांना, मुळीच कबूल नाही. सांख्यिकी कार्यालयात त्यांची हयात दोन जनगणनांमधल्या वर्षांच्या लोकसंख्येचे अंदाज बांधण्यात गेली. नवी मोजणी झाली आणि अंदाज चुकला, तर चूक एका दिवसाची नसते, ती वर्षानुवर्षे साचलेली असते. म्हणून मागच्या प्रत्येक वर्षाचा आकडा सुधारायचा, ही त्या खात्याची रीत. खात्यापुरती ती मला मान्य आहे. निवृत्त होताना इवायांनी ती घरी आणली, याला माझी लेखी हरकत आहे.

लग्नातली गर्दी ते मांडवाबाहेरच्या चपलांवरून काढीत. एकदा जेवणाची पाने मोजली गेली, तेव्हा कळले की शेजारच्या देवळातल्या भक्तांच्या चपलाही हिशेबात आल्या होत्या. झाले! त्यांनी आजवरची सगळी लग्ने सुधारायला घेतली आणि ढाणकीच्या एका यजमानाला गाठून त्याच्या मुलाच्या जुन्या लग्नातले वऱ्हाड घटवले. तो बिचारा म्हणाला, "पोराले पोरगं झालं भाऊ, आता कायले वऱ्हाड कमी करून राह्यले?"

"मी नाई केलं कमी," इवाई शांतपणे म्हणाले. "ते आलंच नव्हतं."

बाधित व्यक्तीचे म्हणणे ऐकल्याशिवाय भूतलक्षी प्रभावाने तिचा मान कमी करणे हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, असे मी त्यांना पोचपावतीसह कळवले. उत्तरादाखल त्यांनी माझ्या आजवरच्या तक्रारींचा अंदाज वाढवून कळवला.

नव्या जनगणनेच्या प्रगणक बाई त्यांच्या ओट्यावर आल्या, तेव्हा मी तिथेच होतो. इवायांचा मुलगा माझ्या लेकीला आणि आमच्या नातीला घेऊन काही वर्षांपूर्वी पुण्याला गेलेला. "सध्यापुरते" असे तो म्हणाला होता, आणि त्या एका शब्दावर आम्हा दोन्ही घरांचा भरवसा होता. इवाई घर पाच माणसांचेच धरीत, दूधही पाचांचेच घेत. बाईंनी विचारले, "काका, इथं कायम राहते किती जण?" विहीणबाई पदराशी चाळा करीत राहिल्या. इवाई म्हणाले, "दोघं."

बाई गेल्यावर ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पोरं आज नाई गेले, इवाई. तवाच गेलते. मीच अंदाजात धरून ठेवले."

भूतलक्षी प्रभावावरचा माझा सगळा युक्तिवाद तयार होता. मी तो केला नाही.

दूधवाल्याला मात्र त्यांनी अजून काही सांगितलेले नाही. तो रोज पाचांचे दूध ओतून जातो, विहीणबाई उरलेल्याला विरजण लावतात. याबद्दल माझी, लेखी सांगतो, काहीही हरकत नाही.