पूजेचं आवतण

खोपोलीजवळच्या आमच्या कंपनीचा मालक अमेरिकेत, आणि आम्ही पॅकिंगच्या बायका ठेकेदाराच्या. त्याची मर्जी असेल तोवर कामावर. युनियन काढायची ठरली तेव्हापासून मी रोज घरखर्चाचा हिशेब मांडत होते. नवरा कंबरेच्या दुखण्याने घरी बसलेला. माझं काम सुटलं तर चूल कशावर पेटणार?

त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या कारखान्यातही तेव्हा युनियनचं चाललं होतं. आमचे कामगार पुढारी सांगत, तिथे कामगार पडद्याआड मतदान करतात, कोणी काय केलं ते कळत नाही. त्याआधी कंपनी त्यांना खोलीत बसवून युनियन कशी वाईट ते शिकवते म्हणे. शिकवू दे बापडी! मला तो पडदा हवा होता.

म्हणून मीच शक्कल काढली, आमच्या अंगणात सत्यनारायण घालायचा. पूजेला बायका जमल्या तर कोण काय विचारणार? आरती झाली की पुढारी युनियनच्या अर्जांवर सह्या घेणार. सासऱ्यांना सगळं नीट सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि आवतण द्यायला निघाले. भावकीतलं एकही घर सोडलं नाही. माझ्या चुलत दिराचंही नाही, जो आमच्याच कंपनीत एचआरचा साहेब आहे.

"मामंजी, त्याला कशाला?" मी कपाळावर हात मारला.

"भावकीला तीर्थप्रसादाला बोलवायचं नाय? उद्या तोंड कसं दाखवू गं?"

माझ्या तोंडाचं काय, हे मी विचारलं नाही. एवढा मोठा साहेब कशाला येतोय, असं मनाला समजावत शिरा ढवळत राहिले. तरी खाली लागलाच.

तो कथेच्या आधीच आला आणि चौरंगासमोर बसला. पुढारी लगेच कोणाचे तरी पाहुणे झाले. कथेतलं एक अक्षर माझ्या कानात शिरलं नाही. त्याने मान वळवली की वाटायचं, हा चेहरे लक्षात ठेवतोय. आरतीला कोणाच्या टाळ्याही धड वाजेनात.

आरती संपली. डोंगरातल्या वाडीवरून आलेल्या माझ्या पॅकिंग लाइनवरच्या बाईला शेवटची जीप गाठायची होती. तिला हा साहेब कोण ते ठाऊक नव्हतं.

"सह्या कवा घ्यायच्या?" तिने मोठ्याने विचारलं.

दीर माझ्याकडे बघून हसला. "कसल्या सह्या, वहिनी?"

सासऱ्यांनी त्याच्या हातात शिरा दिला. "आदी प्रसाद घे रं."

त्याने प्रसाद कपाळाला लावून खाल्ला, मग मोबाइल काढला. "पूजेचा फोटो घेतो, काका. घरी दाखवीन."

सासरे खूश. "सरका गं जवळ, सगळ्या येऊंद्या!"

बायकांनी माना खाली घातल्या. वाडीवरच्या बाईलाही आता उमगलं. तिने पदर तोंडावर ओढला. माझाही हात पदराकडे गेला. आणि मला राग आला, दिराचा, सासऱ्यांच्या मानपानाचा, सगळ्यात जास्त माझ्या भीतीचा. माझं अंगण, मी घातलेली पूजा, आणि तोंड मी लपवू?

पदर सोडून मी चौरंगाजवळ सरकले.

"युनियनच्या सह्या, भावजी," मी म्हणाले. "फोटो काढून झाला की घेऊ."

पाय निऱ्यांआड लटलट कापत होते. ते फोटोत येणार नव्हतं.